हत्ती पाहायला जाताना

दिवेआगरचा पर्यटन हंगाम पावसाबरोबर ओसरतो. समुद्र खवळला की घरगुती निवासाची सोय करणाऱ्या कुटुंबांना थोडी उसंत मिळते, आणि वर्षभर पाहुण्यांची सरबराई केलेली ही मंडळी स्वतः कुणाचे तरी पाहुणे होण्यासाठी बाहेर पडतात. कोणी आषाढात जातात, कोणी गौरी-गणपती आटोपल्यावर. निघण्यापूर्वी त्यांची एक फेरी माझ्या दवाखान्यात होते. गाडी लागण्याच्या गोळ्या, आजोबांच्या रक्तदाबाची औषधे, मुलांसाठी तापाचे औषध, जुलाब झाल्यास मीठ-साखरेची पुडी, असा सारा जामानिमा लिहून दिला की गप्पा प्रवासाकडे वळतात.

अलीकडे या गप्पांत एक नवा प्रश्न येऊ लागला आहे. सहल कूर्गची असो, केरळची असो वा थायलंडची, कार्यक्रमपत्रिकेत एक सकाळ 'हत्ती कॅम्प'साठी राखलेली असते. हत्तीला खाऊ घालणे, त्याला आंघोळ घालणे, त्याच्या पाठीवर बसून फेरी मारणे, असे तिचे तपशील असतात. मग आई विचारते, "डॉक्टर, मुलाला पाण्यात उतरवलं तर काही होणार नाही ना?" आजी विचारते, "सोंड डोक्यावर ठेवून घेतली तर चालेल का?" प्रश्न आपल्या प्रकृतीचे असतात. माझे उत्तर मात्र हत्तीच्या प्रकृतीपासून सुरू होते. जिथे हत्ती निरोगी व निवांत असतो, तिथेच त्याला पाहायला आलेले कुटुंबही सुरक्षित असते, असे माझे मत वाचनातून आणि तीसेक वर्षांच्या वैद्यकीय व्यवसायातून बनले आहे.

हत्तीविषयी आपल्याला ममत्व आहे, यात शंका नाही. आमच्या गावाची ओळखच सुवर्णगणेशाची. १९९७ मध्ये सुपारीच्या बागेत सापडलेला तो सोन्याचा मुखवटा २०१२ मध्ये चोरीस गेला, तेव्हा घरातले माणूस गेल्यासारखे गाव सुन्न झाले होते. परंतु ज्याचे मुख आपण देव्हाऱ्यात पुजतो, त्या प्राण्याचा दिनक्रम आपल्याला फारसा ठाऊक नसतो. जंगलातला आशियाई हत्ती दिवसाचे सोळा-अठरा तास चालत आणि चरत असतो. त्याला दिवसाला सुमारे दीडशे किलो चारा आणि शंभर लिटरहून अधिक पाणी लागते. माद्या आयुष्यभर आई, बहिणी, मावश्या आणि पिले यांच्या कळपात राहतात. पिलू आईच्या पोटात वीस महिन्यांच्या आसपास वाढते आणि जन्मानंतर कित्येक वर्षे तिच्या सावलीत असते. अशा प्राण्याला एकटे, सिमेंटच्या जमिनीवर, आखूड साखळीने बांधून ठेवले, तर त्याचे शरीर आणि मन दोन्ही आजारी पडतात. जागेच्या याच अडचणीमुळे केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने २००९ मध्ये प्राणिसंग्रहालयांतील हत्ती मोकळ्या जागी हलवण्याचे निर्देश दिले होते.

महाराष्ट्राने याची उदाहरणे जवळून पाहिली आहेत. मुंबईच्या रस्त्यांवर आयुष्य काढलेली बिजली ही हत्तीण २०१३ मध्ये मुलुंडला कोसळली आणि तिथेच गेली. जोतिबा देवस्थानाला २००७ मध्ये भेट मिळालेला सुंदर हा हत्ती न्यायालयीन लढाईनंतर २०१४ मध्ये बंगळूरजवळच्या बन्नेरघट्टा येथे हलवण्यात आला. शिरोळ तालुक्यातील नांदणीच्या जैन मठातील महादेवी, म्हणजे लोकांची माधुरी, तीन दशकांहून अधिक काळ तिथे होती. न्यायालयाच्या आदेशाने जुलै २०२५ मध्ये तिला जामनगरच्या वनतारा केंद्रात नेले, तेव्हा निरोप देणाऱ्या गावकऱ्यांच्या डोळ्यांतले पाणी साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. पुढे नांदणी परिसरातच हत्तींसाठी उपचार केंद्र उभारण्याचा प्रस्तावही मांडला गेला.

त्या वादात कोणाचे किती बरोबर, हा निवाडा करण्याचा अधिकार माझा नाही. एक वैद्य म्हणून माझे लक्ष गेले ते तिच्या पायांच्या नोंदींकडे. सांधेदुखी, तळव्यांचा आजार, वाढलेली नखे यांचा उल्लेख त्या प्रकरणात वारंवार झाला. गावकऱ्यांची माया खरी होती आणि तळव्याचे दुखणेही खरे होते. माया असूनही आजार होतो, हे आपण मधुमेही रुग्णांच्या घरी रोज पाहतो. सून सासऱ्यांना प्रेमाने गोड भरवते आणि पायाची जखम महिनोन्‌महिने भरत नाही. मायेला शास्त्राची जोड लागते.

आता निवडीकडे वळू. रुग्ण समोर आला की आम्ही आधी त्याची हकिगत ऐकतो आणि मग त्याला न्याहाळतो. हत्ती कॅम्पची निवडही याच रीतीने करता येते. हकिगत घरबसल्या दूरध्वनीवरून घेता येईल, न्याहाळणे तिथे पोहोचल्यावर.

दूरध्वनीवर पहिला प्रश्न असा विचारावा: हत्तीला आंघोळ घालायची नसेल, खायचे नसेल किंवा माणसांत यायचे नसेल, तर तुम्ही काय करता? "मग तो येत नाही, तुम्ही लांबूनच पाहायचे," असे उत्तर मिळाले तर पुढे बोलावे. "तसे होत नाही हो, आमचे हत्ती अगदी शिकवलेले आहेत," असे उत्तर आले तर सावध व्हावे. इतक्या मोठ्या प्राण्याला दिवसातून दहा वेळा अनोळखी माणसांचा स्पर्श निमूट सोसायला शिकवायचे, तर ते शिक्षण अनेकदा पिलाला आईपासून तोडून, बांधून, भय दाखवून दिलेले असते. आपण पाहतो ती त्याची गरीब वृत्ती त्या भयातून आलेली असू शकते.

दुसरा प्रश्न: हत्ती आले कुठून, आणि त्यांची कागदपत्रे आहेत का? भारतात हत्ती हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. पाळीव हत्तीसाठी मालकीचे प्रमाणपत्र लागते आणि त्याची खरेदी-विक्री करता येत नाही. ज्या खाजगी कॅम्पमध्ये लहान पिले पुष्कळ दिसतात, तिथे त्यांच्या आया कुठे आहेत, हेही विचारावे. तिसरा प्रश्न: रात्री हत्ती कुठे असतात? चौथा: पशुवैद्य किती दिवसांनी येतात, आणि हत्तींची व माहुतांची क्षयरोगाची तपासणी होते का? या शेवटच्या प्रश्नावर पलीकडचा माणूस गोंधळला, तर ते उत्तरच समजावे.

तिथे गेल्यावर पहिली नजर पायांकडे जाऊ द्यावी. मधुमेही रुग्णाला आम्ही जसे मोजे काढायला सांगतो, तसेच हे. पायांचे विकार आणि संधिवात ही बंदिस्त हत्तींच्या हालाची मोठी कारणे आहेत. नखे चिरलेली वा वेडीवाकडी वाढलेली आहेत का, चालताना एखादा पाय राखून टाकला जातो का, जमीन मातीची आहे की सिमेंटची, हे पाहावे. घोट्याभोवती साखळीचा व्रण, कानामागे अंकुशाच्या खुणा, पाठीवर हौद्याच्या दोरखंडाने घासलेली कातडी, हे सारे साध्या डोळ्यांना दिसते. सोंडेवर आणि कानांवर गुलाबी ठिपके दिसले तर मात्र घाबरू नये. वयाबरोबर रंगद्रव्य कमी होऊन ते येतात.

नंतर मान पाहावी. एकाच जागी उभा राहून हत्ती डावी-उजवीकडे सारखा झुलत असेल, डोके वर-खाली करत असेल, तर लोक कौतुकाने म्हणतात की तो गाण्यावर डोलतो आहे. मोकळ्या रानात हत्ती असा झुलत नाही. दीर्घकाळ कोंडलेल्या, एकट्या प्राण्याच्या मनावरील ताणाचे ते लक्षण आहे. रुग्णालयात फार दिवस एकटे पडलेले वृद्ध कधी कधी तासन्‌तास चादरीचा काठ चुरगाळत बसतात. ते पाहून आपल्याला कौतुक वाटत नाही.

नर हत्ती असेल तर डोळा आणि कान यांच्या मधल्या भागाकडे पाहावे. तिथून काळपट स्राव ओघळत असेल तर तो माजावर आहे. अशा हत्तीला पर्यटकांसमोर आणणारी जागा तत्काळ सोडावी. शेवटी माहुताकडेही पाहावे. त्याच्या हातात काय आहे, हत्ती त्याच्या जवळ येताना अंग चोरतो की सैल असतो, आणि त्या माणसाचे स्वतःचे कपडे, राहणे, प्रकृती कशी आहे? उपाशी माहूत आणि तृप्त हत्ती अशी जोडी क्वचितच आढळेल.

आता आई-आजींच्या मूळ प्रश्नांकडे येतो. क्षयरोगाच्या बाबतीत एक गोष्ट पुष्कळांना नवी वाटेल. बंदिस्त हत्तींना होणारा क्षय बहुधा आपल्याच क्षयाच्या जंतूमुळे होतो, म्हणजे माणसाने हत्तीला दिलेला असतो. हत्तीकडून तो पुन्हा माणसाकडे येऊ शकतो. २००९ मध्ये अमेरिकेतील टेनेसी राज्यातल्या एका हत्ती-आश्रयस्थानात काही कर्मचाऱ्यांना असा संसर्ग झाल्याचे आढळले, आणि त्यांत हत्तीजवळ प्रत्यक्ष काम न करणारेही होते. जयपूरच्या आमेर किल्ल्यावर सवारीसाठी वापरल्या जाणाऱ्या हत्तींच्या २०१८ च्या तपासणीतही काही हत्ती क्षयाच्या चाचणीत संशयित ठरले होते. उघड्या हवेत, दूर उभे राहून तासभर हत्ती पाहिल्याने निरोगी माणसाला धोका नगण्य आहे. परंतु सोंडेतून येणारा श्वास व फवारा तोंडावर घेणे तान्ह्या मुलांनी, अतिवृद्धांनी, अनियंत्रित मधुमेह असलेल्यांनी, स्टिरॉइड, केमोथेरपी वा डायलिसिस चालू असलेल्यांनी टाळावे. आणि आपल्यापैकी कुणाला दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल, तर त्याने आधी थुंकी तपासून घ्यावी. हे हत्तीच्याही भल्याचे आहे.

आंघोळीविषयी कोकणातल्या वाचकाला फार सांगावे लागू नये. लावणीच्या दिवसांत पायाला चीर असताना चिखलात उतरल्यावर लेप्टो कसा होतो, हे आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे. जनावरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून तो येतो, आणि ज्या डोहात पाच-सहा हत्ती रोज उतरतात त्या पाण्यात गाल फुगवून खेळणारे मूल पाणी गिळतेच. शिवाय सुमारे तीन टन वजनाचा प्राणी नुसता कुशीवर वळला, तरी शेजारी उभे असलेल्या माणसाला सावरायला वेळ मिळत नाही. जानेवारी २०२५ मध्ये थायलंडच्या याओ याई बेटावर हत्तीला आंघोळ घालताना एका तरुण स्पॅनिश पर्यटक मुलीचा मृत्यू झाला. त्या केंद्राच्या नावातच हत्तींच्या काळजीचा उल्लेख होता. नाव, पाटी आणि संकेतस्थळावरची छायाचित्रे यांवरून निवड करू नये, ती अशासाठी.

मग जावे तरी कुठे? आपल्या राज्यात गडचिरोली जिल्ह्यात, अहेरी तालुक्यातील कमलापूर येथे वन विभागाचा हत्ती कॅम्प आहे. एके काळी आलापल्लीच्या जंगलातील सागाचे ओंडके ओढणाऱ्या हत्तींची ही पुढची पिढी. तिथली एक प्रथा मला वैद्य म्हणून फार आवडते. दर हिवाळ्यात या हत्तींना दहा दिवसांची वैद्यकीय रजा मिळते. त्या दिवसांत काम नसते. वनौषधी शिजवून तो लेप त्यांच्या पायांना लावला जातो व शेकले जाते, ज्याला तिथे 'चोपिंग' म्हणतात. थंडीत तळवे फुटू नयेत, हा हेतू. हत्तींबरोबर माहूत आणि चाराकटर असे कायमचे सोबती असतात. या कॅम्पची सारी घडी आदर्श आहे असे नाही. २०२० मध्ये तेथील पिले दगावली, तेव्हा वैद्यकीय सोयींविषयी प्रश्न उपस्थित झाले आणि ते योग्यच होते. तरीही २०२२ मध्ये हत्ती राज्याबाहेर नेण्याची चर्चा सुरू झाल्यावर स्थानिकांनी विरोध केला, यावरून त्यांचे नाते दिसते. मेळघाटात कोलकासला हत्तीवरून जंगलफेरीची पद्धत वर्षानुवर्षे चालत आली आहे. रानातल्या मऊ मातीवरची ती फेरी आणि किल्ल्याच्या फरसबंदीवरची सवारी यांत अंतर आहे, हे मान्य. तथापि मला कुणी विचारले तर, "हत्ती जमिनीवर उभे राहूनच पाहा," असे मी सांगेन.

दक्षिणेत नीलगिरीच्या पायथ्याशी मुदुमलै येथे तेप्पक्काडूचा जुना कॅम्प आहे. २०२३ मध्ये ऑस्कर मिळालेला 'द एलिफंट व्हिस्परर्स' हा माहितीपट तिथलाच. तेथे हत्तींना शिजवलेली नाचणी, कुळीथ व गूळ यांचे मोठाले मुटके भरवतात, आणि पाहुण्यांनी ते अंतर राखून पाहायचे असते. नाचणी आणि कुळीथ हे आपल्याच ताटातले पदार्थ असल्याने कोकणातल्या मुलांना त्याची गंमत वाटते. उत्तरेत मथुरेजवळ जखमी व वृद्ध हत्तींसाठी 'वाइल्डलाइफ एसओएस' या संस्थेचे केंद्र आहे आणि २०१८ पासून रुग्णालयही आहे. आणि ज्यांना शक्य आहे त्यांनी बंदीपूर वा नागरहोळेच्या जंगलात वन विभागाच्या गाडीतून रानहत्तींचा कळप पाहावा. कदाचित दिसेल, कदाचित दिसणार नाही. तेवढी अनिश्चितता सोसायची मनाची तयारी ठेवावी.

"मुलांचा हिरमोड होतो हो," असे पालक सांगतात. याचे उत्तर आमच्या किनाऱ्यावरच आहे. दिवेआगरला आणि बाणकोटच्या खाडीपलीकडे वेळासला ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. वेळासला २००२ पासून 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेने गावकऱ्यांच्या साथीने हे काम उभे केले. फेब्रुवारी ते एप्रिलच्या सुमारास पिले समुद्राकडे सोडतात, तेव्हा शेकडो लोक दोरीमागे उभे असतात. कुणी पिलाला उचलत नाही, कुणी त्याच्यासोबत छायाचित्र काढत नाही. हातभर लांबीचा प्रवास पिलू पाच मिनिटांत करते, मध्येच थांबते, लाट आली की पुन्हा मागे फेकले जाते, आणि दोरीमागची सारी मुले श्वास रोखून पाहत असतात. मला आजवर त्यांतले एकही मूल हिरमुसलेले दिसलेले नाही. स्पर्शावाचून आनंद होतो, हे मुलांना समजते. ते त्यांना कुणीतरी दाखवावे लागते, इतकेच.

गेल्या वर्षी गावातल्या एका घरगुती निवासाच्या मालकीणबाईंनी माझे चार प्रश्न कागदावर लिहून नेले आणि सहलीच्या यादीतील कॅम्पला फोन केला. पहिल्याच प्रश्नाला पलीकडून हसू आले. त्यांनी तो कॅम्प यादीतून काढला आणि पैसे परत मिळाले नाहीत. "पाहुण्यांना काय हवं ते आम्हाला कळतं, डॉक्टर," त्या मला म्हणाल्या. "पण दार लावून घ्यायची वेळ झाली, की पाहुण्यांनी उठायचं असतं. त्या हत्तीला दारच नाही." त्यांच्या कुटुंबाने ती सकाळ जंगलाच्या कडेने गाडीत बसून काढली. नातवाला एक हत्ती दिसला, तोही पाठमोरा, बांबूच्या बेटात शिरताना. त्या पाठमोऱ्या हत्तीचे वर्णन तो मुलगा तपासणीच्या टेबलावर बसून मला अजूनही ऐकवतो.

निघण्यापूर्वी एवढे करावे. धनुर्वाताची लस घेतलेली आहे का, ते पाहावे. पायांत बंद बूट असावेत. हत्तीजवळ खाद्यपदार्थ उघडे ठेवू नयेत, फ्लॅश वापरू नये, मुलाचा हात सोडू नये. चारा हाताळला असेल तर साबणाने हात धुतल्याशिवाय काही खाऊ नये. परतल्यानंतर महिन्याभरात थंडी वाजून ताप आला, पोटऱ्या विलक्षण दुखू लागल्या, डोळे लाल वा पिवळे झाले, किंवा पुढे केव्हाही खोकला दोन आठवड्यांहून अधिक लांबला, तर डॉक्टरांकडे जावे आणि आपण हत्ती कॅम्पला गेलो होतो, हे आपण होऊन सांगावे. डॉक्टरला ते विचारायचे सुचेलच असे नाही.